मदत हवी आहे: छात्राध्यापकांचं चिंतन मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

बी.एड. कॉलेजात शिकवते, सोबत पीएच.डी.चं भिजत घोंगडं आहे. विषय: आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या सरावाच्या काळात, आमचे छात्राध्यापक आपल्याच शिकवण्यावर कितपत विचार करतात.

केंबर आणि सहकाऱ्यांची हाँगकाँगमधली २००० सालची प्रश्नावली घेतली. १६ विधानं, चार गट: सवयीची कृती, आकलन, चिंतन, चिकित्सक चिंतन. मराठीत आणली, ५२ जणांकडून भरून घेतली आणि पंचाईत झाली.

चिंतनाच्या विधानांपुढे जवळपास सगळे 'पूर्ण सहमत'. साहजिकच आहे, गुण देणारी बाईच समोर उभी! सवयीच्या गटात वेगळाच घोळ. मूळ प्रश्नावलीत विचार न करता काम होणं ही सगळ्यांत खालची पायरी. आमच्या पोरांना ते कौतुक वाटलं. आपल्याकडे 'हात बसला' ही शाबासकीच ना! आणि 'चिंतन' म्हटल्यावर एकाने विचारलंच, "मॅडम, ध्यानाला बसायचं का?"

मग त्यांनी आपल्या पाठांवर लिहिलेल्या रोजनिश्या काढल्या. बहुतेकांत एकच साचा: 'पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखनात सुधारणा हवी.' यातलं शेवटचं वाक्य तर पाठ निरीक्षणाच्या शेऱ्यात मीच लिहिलेलं.

एकीची नोंद मात्र अशी: 'सहावीला विचारलं, ४/७ मोठा की ४/९? सगळे म्हणाले ४/९. मी नियम परत सांगितला. सगळे हो म्हणाले. एसटीत बसल्यावर वाटलं, ते हो मला गप्प करायला होतं. आधी भाकरीचं चित्र काढलं असतं तर?' या मुलीने प्रश्नावलीत बहुतेक ठिकाणी 'सांगता येत नाही' केलंय. तिची बेरीज वर्गात तळाला!

हॅटन आणि स्मिथ यांनी सिडनीत १९९५ मध्ये भावी शिक्षकांच्या लेखनाच्या चार पातळ्या केल्या: नुसतं वर्णन, कारणं देणारं वर्णन, स्वतःशी संवाद, चिकित्सक चिंतन. वरची नोंद मी तिसरीत टाकली, सहकाऱ्याने दुसरीत. दहापैकी चार रोजनिश्यांवर आमचं जमलंच नाही.

सवयीची विधानं मराठीत कशी मांडू? दोन तपासनिसांचा मेळ कसा घालता? आणि गुण न देता कुणी रोजनिशी लिहून घेतलीय का?

प्रतिसाद:
ताई, 'विचार करता का' असं विचारलं की हो येणारच. 'कालचा पाठ उद्या परत घ्यायचा झाला तर काय बदलाल, का?' असं विचारा. तपासनिसांनी आधी पाचसहा रोजनिश्या शेजारी बसून वाचाव्यात, कुठे आणि का अडलं ते लिहून काढावं. बाकीच्या वेगवेगळ्या तपासा, मगच कोहेनचा कॅपा (दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा) काढा. बिनगुणांची रोजनिशी मी करून पाहिली. निम्म्यांनी लिहिणंच सोडलं. उरलेल्यांचं वाचण्यासारखं होतं.

धागाकर्ती:
आभार! निम्मे गेले तर गाईड मला उभं करणार नाहीत. पण 'विचार न करता'च्या जागी 'दुसरा मार्ग न शोधता' असं घालून सोमवारी दहा जणांना देऊन बघते. आणि या वेळी वर्गाबाहेर थांबते.