पूर ओसरला, पंचनाम्याआधी घर साफ केलं तर मदत मिळते का?

प्रश्न: तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत चिखल तसाच ठेवायचा का?

उत्तर १: मुळीच नाही. ओल राहिली की 24 ते 48 तासांत बुरशी धरते. आधी फोटो काढा: प्रत्येक खोली चारही बाजूंनी, भिंतीवरची पाण्याची रेघ (शेजारी मोजपट्टी धरून), फ्रिज-वॉशिंग मशीनवरचा सीरियल नंबर. गालिचा, गादी फेकण्याआधी वीतभर तुकडा कापून ठेवा. पंप, मजुरी, सगळ्याच्या पावत्या जपा, हाताने लिहिलेल्यासुद्धा.

उत्तर २: तळघर असेल तर एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी गेलं की तिच्या दाबाने भिंत आत ढासळू शकते. दिवसाला साधारण एक तृतीयांशच काढा.

उत्तर ३: मदतीचा अर्ज बऱ्याचदा नावात अडकतो. घर एकाच्या नावे, बँक खातं दुसऱ्याच्या. भाडेकरूंनी सामानाच्या नुकसानीचा अर्ज वेगळा करावा, घरमालकाच्या भरवशावर राहू नये. आणि पंचनाम्यातले आकडे वाचल्याशिवाय सही नको. नंतर दुरुस्ती करून घेणं महाकठीण. अर्जाची पोच मात्र हातात घ्याच.