सुपर क्लासेसमध्ये गाड्या का घटतायत? आधी थ्रॉटल स्टॉप काढा

गिअरकर:
अमेरिकेत एनएचआरएच्या (ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींची संघटना) सुपर कॉम्प, सुपर गॅस, सुपर स्ट्रीट या हौशी वर्गांत गाड्या कमी होतायत, ही ओरड जुनीच आहे. माझ्या मते दोष थ्रॉटल स्टॉपचा, म्हणजे धावेत गाडी मुद्दाम मंदावणाऱ्या यंत्रणेचा. पाव मैलाला हद्द अनुक्रमे 8.90, 9.90 आणि 10.90 सेकंद, त्याखाली गेलात, म्हणजे हद्दीपेक्षा वेगात पोचलात, की ब्रेकआउट, एरवी थेट हार. मग साडेसात सेकंदांत जाऊ शकणारी ड्रॅगस्टर सुटली की टायमरने कार्ब्युरेटरखालची झडप मिटवायची, दोनेक सेकंद गुदमरवायची आणि परत मोकळी सोडायची. बघणाऱ्याला वाटतं, इंजिन बसलं! आपल्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर वर्ग सीसीवर ठरतात. तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

ट्रान्सब्रेक:
असहमत. स्टॉपची सक्ती कुठाय? नेमकी 9.90 जाणारी गाडी बांधा की.

गिअरकर:
बांधा, आणि हरा. सकाळच्या गार हवेत ती 9.86 जाणार, म्हणजे ब्रेकआउट. दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा किती विरळ, त्याचं माप) चढली की 9.97. स्टॉपवाला टायमरचे काही शतांश कमी करून परत हद्दीवर येतो. वर त्याचा शेवटचा वेग जास्त, त्यामुळे तो मागून येत समोरच्याला नजरेत ठेवतो.

पिटलेन_काका:
दोघंही खर्चाचं बोलत नाही. 11.49 सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला सहसा रोल बार (उलटल्यास वाचवणारी पोलादी कमान), 9.99 पासून पूर्ण केज (चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा) आणि चासिस सर्टिफिकेट. दर 3 वर्षांनी पुन्हा तपासणी. सुपर गॅसची हद्दच 9.90, म्हणजे बहुतेकांची केज टळत नाही. सीटचे पट्टे उत्पादनाच्या तारखेपासून 2 वर्षांत बाद, मग ते पेटीत पडून असले तरी. एवढं करून नॅशनलला (राष्ट्रीय पातळीच्या शर्यतीला) गुरुवारपासून मुक्काम, व्यावसायिकांच्या मधल्या वेळात मोजक्या धावा, आणि पहिल्याच फेरीत हरलं की घर. त्यापेक्षा ब्रॅकेट शर्यत बरी: डायल-इन, म्हणजे आपली गाडी किती सेकंदांत जाईल तो अंदाज, स्वतः लिहायचा, 12 सेकंदांची रस्त्यावरची गाडीही चालते. मोठ्या बक्षिसांच्या ब्रॅकेट शर्यती 1996 पासून दहा लाख डॉलरचं आमिष दाखवतायत. माणसं तिकडे गेली, खेळ सोडून नाही.

ट्रान्सब्रेक:
काकांना +1. आणि स्टॉपबंदी केलीच, तर तपासणार कशी? स्टॉपची प्लेट (ती झडप) डोळ्यांना दिसते, हे खरं. पण ईसीयूमधून (इंजिनाच्या संगणकातून) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतलं तरी गाडी तशीच मंदावते, आणि ड्राइव्ह-बाय-वायर (थ्रॉटल केबलऐवजी संगणकाने उघडणारी रचना) असेल तर शोधायला वेगळी प्लेटच नाही. दर फेरीनंतर लॅपटॉप जोडून ईसीयूतला मॅप (सेटिंगचा तक्ता) वाचणारे तांत्रिक अधिकारी कोण पुरवणार?