ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठणठणीत का?

सातपूरकर: आमचे भाऊजी, वय 47, सातपूर एमआयडीसीत नोकरीला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ईसीजी नॉर्मल निघाला. अठराव्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छाती आवळून आली. अटॅक. थोडक्यात वाचले. ईसीजी म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींची जेमतेम 10 सेकंदांची नोंद, तीही पलंगावर निवांत पडून. हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज 70 टक्के असलं तरी पडल्यापडल्या रक्त पुरतं, मग कागदावर काय दिसणार? चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी) झालीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गंगापूररोडवाली: अजिबात पटत नाही. आईला काहीच त्रास नव्हता. शिबिरात सांगितलं म्हणून स्ट्रेस टेस्ट केली, तर पॉझिटिव्ह! मग मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्रण, आणि त्यात सगळं स्वच्छ. बायकांमध्ये ही टेस्ट अशी चुकीची पॉझिटिव्ह जास्त येते, हे नंतर कळलं. अँजिओग्राफीच्या आदल्या रात्री भीतीने तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या होत्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात 5,179 रुग्ण होते. आजार स्थिर असताना आधीच स्टेंट-बायपास करून, नुसत्या औषधांपेक्षा मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग धडधाकट माणसांत ब्लॉकेज शोधत कशाला फिरायचं?

सातपूरकर: अहो, औषधं तरी वेळेत सुरू होतात ना! आजार माहीतच नसेल तर गोळी कोण घेणार?

इकोवाली ताई: मी रोज हेच काम करते. जेल लावलं की पेशंट विचारतात, "ताई, ब्लॉकेज दिसतंय का?" टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग आणि झडपा दिसतात, ब्लॉकेज नाही. ईएफ (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो आकडा) 60 टक्के वाचून लोकांचे चेहरे उतरतात. त्यांना वाटतं 40 टक्के हृदय गेलं. 60 म्हणजे उत्तम, हे दिवसातून कितीदा सांगते! सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्यांतला चुना मोजणारा कॅल्शियम स्कोअर शून्य आला तर धोका बराच कमी, 400 च्या वर गेला तर साठलेला चुना भरपूर. पण मऊ चरबी त्यातही निसटते. आणि दादा, भाऊजींची स्ट्रेस टेस्टही कदाचित नॉर्मल आली असती. अटॅक पुष्कळदा लहानशा ब्लॉकेजचा पापुद्रा फाटून, त्यावर गुठळी धरून येतो. त्यांच्या घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का?

सातपूरकर: त्यांचे वडील 52 व्या वर्षी अटॅकनेच गेले. तुमचं वाचून आत्ता फाइल काढली. फॉर्मवर 'कुटुंबात हृदयविकार' असा रकाना आहे. कोराच आहे. तो कुणी विचारून भरला असता, तर निदान त्यांच्यासाठी तरी पुढची तपासणी योग्य ठरली असती की नाही?

गंगापूररोडवाली: त्यांच्यासाठी, हो. सरसकट सगळ्यांसाठी, अजूनही नाही.