मराठी वेब डिझाइन फोरम ओस पडलाय: बंद करायचा, हलवायचा की नुसता वाचायला ठेवायचा?

पिक्सेलपंत:
वेब डिझाइनवरचा जुना मराठी फोरम आहे. सॉफ्टवेअर पीएचपीबीबी ३.०, त्याआधी २. विषय साधारण ११ हजार. नवीन नोंदी आठवड्याला दोन-तीन, आणि नवे सदस्य म्हणजे जवळपास सगळे स्पॅमवाले. होस्टिंगवाला पीएचपी ५.६ (फोरम ज्या भाषेवर चालतो तिची जुनी आवृत्ती) काढून टाकतोय, त्यामुळे निर्णय लांबवता येत नाही. मॉडरेटरांत तीन मतं आहेत: डिस्कोर्सवर (नवं फोरम सॉफ्टवेअर) जाणं, डिस्कॉर्डवर (गप्पांचं ॲप) जाणं, किंवा कुलूप लावून फक्त वाचायला ठेवणं. सदस्यांचं मतदान घ्यायचं घाटतंय. शिवाय अगदी जुन्या विषयांत मराठीऐवजी टोपीवाल्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसतात. कुठून सुरुवात करावी?

क्लिअर_बोथ:
मतदान आधी सोडा. 'चालू राहावं' असं सगळेच म्हणतील. रोज स्पॅम उपसायला त्यातले किती येतील ते बघा. नोंदणीकृत सदस्यांचा आकडाही बिनकामाचा. डेटाबेसमधून दोनच गोष्टी काढा: गेल्या ९० दिवसांत लिहिणारी वेगवेगळी माणसं किती (मॉडरेटर वगळून), आणि त्या काळातल्या किती प्रश्नांना एकही उत्तर आलं नाही. माणसं दहाच्या आत असतील तर सॉफ्टवेअर बदलून फोरम जिवंत होत नाही.

तुम्ही दोन प्रश्न एकात कालवताय. जुना मजकूर कुठे ठेवायचा हा एक, उरलेल्या माणसांनी कुठे बोलायचं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर डिस्कॉर्ड असू शकतं, पहिल्याचं कधीच नाही. तिथलं बोलणं गूगलला दिसत नाही, महिन्याभराने ते आपल्यालाही सापडत नाही.

मजकुरातला बराच भाग कालबाह्य आहे हे खरं. आयई ६ या जुन्या ब्राउझरसाठीचे हॅक, फ्लोटने पानाची मांडणी जमवायची कसरत (२०१७ मध्ये ग्रिड ही मांडणीची पद्धत ब्राउझरांत आल्यावर ती संपलीच), फ्लॅश (३१ डिसेंबर २०२० ला बंद). पण देवनागरीचे विषय सोन्यासारखे असतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलं की शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ ठेवून ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणं) केलं की रफार आणि वरच्या मात्रा कापल्या जातात. लँग ॲट्रिब्यूट (मजकुराची भाषा सांगणारी खूण) 'एमआर' म्हणजे मराठी दिलं तर, फाँटमध्ये सोय असल्यास, ल आणि श मराठी वळणाचे येतात. हे मराठीत लिहिलेलं फार ठिकाणी मिळत नाही. म्हणून पुसू काहीच नका. कालबाह्य विभागांच्या डोक्यावर एक ओळ टाका, बस.

शून्य_मार्जिन:
वरच्याशी सहमत. आता कुलूप कसं लावायचं ते.

'बोर्ड डिसेबल' हे बटण दाबू नका. मग येणाऱ्या प्रत्येकाला नुसती सूचना दिसते आणि शोधयंत्रं पानं गाळायला लागतात. नोंदणी बंद करा आणि सगळ्या गटांना 'फक्त वाचन' ही भूमिका द्या.

बॅकअप डेटाबेस आणि फाइल्स फोल्डर दोन्हींचा घ्या. जोडफायली त्या फोल्डरमध्ये एक्स्टेन्शनशिवाय, गूढ नावांनी पडलेल्या असतात. मूळ नावं अटॅचमेंट्सच्या टेबलात असतात. नुसतं फोल्डर उचललं तर हाती ढीग येतो.

मग स्वतःच्या मशीनवर प्रत उभी करून डब्ल्यूगेटने (अख्खी साइट साध्या फायलींत उतरवणारं साधन) हे पर्याय देऊन उतरवा: मिरर, कन्व्हर्ट-लिंक्स, ॲडजस्ट-एक्स्टेन्शन, पेज-रिक्विझिट्स. इथे हमखास फसतं ते सेशन आयडीमुळे (प्रत्येक भेटीची ओळखखूण, म्हणजे 'एसआयडी'). पाहुण्याला प्रत्येक लिंकमागे 'एसआयडी' चिकटतो आणि एकच पान हजार नावांनी उतरत राहतं. उपाय: प्रशासन पॅनेलमधल्या रोबोटांच्या (शोधयंत्रांसाठी पानं वाचणारे प्रोग्राम) यादीत एक नाव घाला आणि डब्ल्यूगेटचा यूजर एजंट (तो साइटला सांगतो ते स्वतःचं नाव) तोच ठेवा, रोबोटांना एसआयडी लागत नाही. त्या गटाला जोडफायली उघडायची परवानगी आहे ना, ते आधी तपासा. पोस्टिंग, शोध, सदस्ययादी, प्रिंट व्ह्यू आणि एकेका नोंदीच्या लिंका वगळा.

बाहेर ठेवलेली चित्रं मूळ साइटवरून वेगळी ओढावी लागतात. फोटोबकेटने २०१७ मध्ये दुसऱ्या साइटवर चित्रं दाखवायला वर्षाचे सुमारे ४०० डॉलर मागितले, तेव्हापासून जगभरच्या फोरमांवर भोकं पडली आहेत. जी गेली ती गेली.

शेवटची अडचण पत्त्यांची. जुन्या लिंकांत प्रश्नचिन्हामागे विषयक्रमांक असतो. गिटहब पेजेस (साधी पानं फुकट ठेवायची जागा) तो भाग बघतच नाही, म्हणून सगळ्या लिंका एकाच पानावर जातात. छोटा सर्व्हर घेऊन एनजिनएक्समध्ये (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) क्रमांकावरून फाइल शोधायचा नियम लिहा. क्लाउडफ्लेअर पेजेस ही तशीच दुसरी जागा, पण तिच्या फुकट योजनेत २० हजार फायलींची मर्यादा आहे. ११ हजार विषय, त्यांची पुढची पानं आणि चित्रं धरून ती ओलांडाल.

रफार_कुठे_गेला:
टोपीवाल्या अक्षरांबद्दल. ही प्रत उतरवण्याच्या आधी दुरुस्त करा.

मराठी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी अक्षरसंकेत पद्धत) मध्ये होतं, टेबल लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांची जुनी पद्धत) होतं, आणि २ वरून ३ वर येताना त्याचं पुन्हा एकदा यूटीएफ-८ झालं. उलटं फिरवायचं तर मजकूर लॅटिन-१ मध्ये बदला, तो बायनरी (नुसते बाइट) माना, मग यूटीएफ-८-एमबी-४ (यूटीएफ-८ चं पूर्ण रूप) म्हणून वाचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे एका ओळीत होतं.

पण सगळ्या टेबलवर चालवलंत तर वाट लागेल. नीट असलेलं मराठी लॅटिन-१ मध्ये मावत नाही, त्याची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरत नाहीत. आधी फक्त बिघडलेल्या ओळी निवडा. खूण सोपी आहे: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, पहिला बाइट हेक्समध्ये ई०, दुसरा ए४ किंवा ए५. म्हणून बिघडलेल्या मजकुरात टोपीवाला 'ए' (à) आणि त्यामागे चलनाचं (¤) किंवा येनचं (¥) चिन्ह ही जोडी सारखी दिसते. ती असलेल्याच ओळी बदला, तेही प्रतीवर.

शीर्षकं मात्र पूर्ण मिळणार नाहीत. आवृत्ती २ मध्ये शीर्षकाला ६० बाइट, म्हणजे मात्रा धरून २० चिन्हं. पुढचं तेव्हाच कापलं गेलंय.

पिक्सेलपंत:
आभार. मोजलं: ९० दिवसांत मॉडरेटर सोडून ६ जण. म्हणजे डिस्कोर्स बाद?

क्लिअर_बोथ:
बाद. पीएचपीबीबीवरून आणायची स्क्रिप्ट त्यात आहे, पण डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायचं साधन), किमान १ जीबी रॅम आणि नीट चालणारी ईमेल सेवा, एवढा पसारा ६ जणांसाठी कोण सांभाळणार? त्यांना टेलिग्रामचा गट पुरे. एक महिना आधी सगळ्यांना ईमेल करा, व्यक्तिगत निरोप उतरवून घ्यायला सांगा, आणि ज्यांना नाव काढून हवंय त्यांचं काढा. मदत करतो म्हणणाऱ्याला डेटाबेस तसाच देऊ नका. त्यात ईमेल, आयपी पत्ते आणि खाजगी निरोप असतात.

आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. डॉट कॉम असेल तर एका वेळी १० वर्षांपर्यंत नूतनीकरण होतं. मुदत संपून रिडेम्प्शनचे (नाव परत मिळवायच्या शेवटच्या संधीचे) ३० दिवसही गेले की ५ दिवसांत नाव खुल्या बाजारात येतं, आणि जुन्या लिंका असलेलं नाव जुगारवाले लगेच उचलतात.