मदत हवी आहे: जुन्या टूरिंग बाईकचा मागचा शॉक

सेकंडहँड ४०० सीसी, ४१,००० किमी, मोनोशॉक (मागे एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर). एकटा असताना ठीक चालते. बायको मागे आणि सामान असलं की यवतेश्वर घाटाच्या वळणांवर मागून डोलते. ती मागे असते, म्हणून जोखीम नको वाटते.

टायरची हवा, स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) बुश, चेन पाहिली, नीट आहे. शॉकला तेलगळती नाही. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) सातपैकी तिसऱ्या खाचेवरून सहाव्यावर नेला. खड्ड्यात आपटणं थांबलं, डोलणं नाही. उलट गतिरोधकानंतर दोन-तीनदा उसळते. दोघं बसून सॅग (वजनाने मागचा भाग खाली बसतो ते) ४५ मिमी, ट्रॅव्हल (चाकाची एकूण वर-खाली हालचाल) १३० मिमी, साधारण एक तृतीयांश, म्हणजे स्प्रिंग ठीक असावी. रिबाउंडचा (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग बदलायचा) स्क्रू नाही. नवा शॉक सध्या परवडत नाही.

डॅम्पिंगच (शॉकमधल्या तेलाने उसळी शमवणं) गेलंय हे शॉक न काढता कसं ओळखायचं? आणि सातारा-कराड भागात सीलबंद शॉक उघडून तेल-गॅस भरून देणारं कुणी आहे का?