ऑनलाइन बायबल अभ्यासक्रमाचे धडे कोणी लिहिलेत, हे कसं शोधायचं?

सर्वांना जय ख्रिस्त. आईसाठी एक मोफत बायबल अभ्यासक्रम बघतेय. धडे छान सोपे आहेत, पण लेखक, संस्था, पंथ यांचा कुठेच पत्ता नाही. खाली नुसतं ‘आमची टीम’. हे मला फार खटकतं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये ६६; दानीएल, प्रकटीकरण ही बायबलमधली भविष्यवाणीची पुस्तकं आली की अर्थही पंथागणिक बदलतो. इथे एका धड्यात शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शनिवारीच पाळायचा असं ठामपणे लिहिलंय, पण ही शिकवण कोणत्या मंडळीची (चर्चची) ते सांगितलेलं नाही. कोणाच्या विश्वासाला नावं ठेवायची नाहीत, पण शिकवणाऱ्याने स्वतःची ओळख द्यायलाच हवी ना? कॉपीराइटची ओळ आणि विश्वासाचं निवेदन (संस्था काय मानते ते सांगणारा मजकूर) सोडून आणखी काय तपासता? थेट ईमेलने विचारलं तर कोणाला सरळ उत्तर मिळालंय का?