मते कुठे पडली तेही बघा

वर कुणीतरी विचारलंय की २०१४ च्या लोकसभेला बसपला देशभरात ४ टक्क्यांहून जास्त मतं पडूनही एक जागा नाही आणि अण्णा द्रमुकला साडेतीनच्या आत मतं असून ३७, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं नाही का?

काळंबेरं काही नाही हो, सगळा भूगोल आहे. अण्णा द्रमुकची जवळजवळ सगळी मतं एका राज्यात, तामिळनाडूतल्या ३९ मतदारसंघांत साचलेली. तिथे ४४ टक्के आणि समोर विरोधक फुटलेले. द्रमुकला त्याच तामिळनाडूत २३ टक्क्यांच्या वर मतं होती, हाती भोपळा! बसपचं तर घरच्या उत्तर प्रदेशातही तसंच झालं, २० टक्क्यांच्या आसपास मतं आणि शून्य जागा. मतं सगळीकडे होती, पण पहिला नंबर कुठेच नाही.

पण हा एकगठ्ठा जोर उलटला की बघवत नाही. बिजू जनता दलाला २०१४ ला ओडिशात ४४ टक्के मतं आणि २१ पैकी २० जागा. २०१९ ला १२. आणि २०२४ ला? साडेसदतीस टक्के मतं मिळूनही शून्य. या वेळी ४५ टक्के आणि २० जागा भाजपकडे. आकडे जवळपास तेच, फक्त पाटी बदलली. उरलेली एक, कोरापुट, काँग्रेसची.

त्यामुळे प्रादेशिक पक्षाची देशपातळीवरची टक्केवारी मी तरी बघतच नाही. राज्यातली बघतो, आणि दुसऱ्या नंबरवाल्याशी अंतर किती ते.